खरडलेला आकडा

"ज्या कोनं हे केलं त्याचे हात झडो," अब्दुल गनी मिस्त्री म्हणाला आणि पेटीचं झाकण बाजूला ठेवलं.

पेटीत दोन कंडेन्सर होते. जुने, फुगलेले, तेल गळून बूड चिकट झालेले. ते काढून नवे घालायचे, एवढंच काम. पण नवा किती आकड्याचा घालायचा ते जुन्यावर वाचायचं असतं, आणि दोन्हींवरचे आकडे कोणीतरी चाकूने साफ खरडले होते. नुसता पत्रा चकाकत होता.

रुक्माबाई दुकानाच्या ओट्यावर बसली होती. उमरखेडच्या आसपास जिथे जत्रा भरे तिथे तिची तंबू टॉकीज लागे. पेटी तिच्याच स्पीकरची होती; बारीक आवाज भोंग्याला आणि जाड आवाज मोठ्या स्पीकरला वाटून देणारी.

"तुमीच तं केल्तं, गनीभाई," ती म्हणाली. "बारा वर्स झाले. याच ओट्यावर बसलेली होती मी."

गनीने पेटी उजेडात धरली. तारांच्या सांध्याला लाल दोऱ्याची गाठ होती. तशी गाठ साऱ्या तालुक्यात एकच मिस्त्री मारायचा. त्याने पेटी खाली ठेवली. स्वतःलाच घातलेली शिवी परत कशी घ्यायची?

आकडा उघडा ठेवला की धंदा उघडा पडला, हे त्याचं जुनं म्हणणं. खरडून टाकला की दुसऱ्या मिस्त्रीला काही उमजत नाही, गिऱ्हाईक फिरून आपल्याच दारी येतं. गिऱ्हाईक बरोबर आलं होतं. आकडे तेवढे डोक्यातून निघून गेले होते.

"शुक्करवारी खेळ हाये," रुक्माबाई म्हणाली. "भोंगा बोलतच नाही. नुस्ता मोठा स्पीकर घुमते. पडद्यावर बाई रडून राह्यली ते दिसते, काहून रडून राह्यली ते कोनालेच समजत नाही. लोक उठून जातात. असे दोन खेळ गेले तं तंबू गुंडाळाच लागन मले."

गनीने खण उघडून एक कंडेन्सर काढला. "भोंग्याले आठचा लावून पाह्यतो."

"अन् चुकला तं?"

"तं भोंग्यातली चकती जळन."

"नवी भेटते?"

"कुठची भेटते? ते कंपनीच बुडाली."

रुक्माबाई पुढे सरकली. त्याच्या हाताकडे पाहत राहिली. डाग द्यायचा कय्या तापला होता.

"कय्युमले इचारून पाहा," ती म्हणाली.

"त्याले काय माहीत? तीन वर्स माह्याजवळ शिकला. एक आकडा सांगतला नाही मी त्याले."

हे सांगताना एरवी त्याची छाती फुगायची. आज फुगली नाही. त्याने कय्या खाली ठेवला, पेटी काखेत मारली आणि चपला पायात सरकवल्या. रुक्माबाई मागून निघाली.

कय्युमचं दुकान एसटी स्टँडसमोर होतं. दहा वर्षांत गनी त्याची पायरी चढला नव्हता. ईदला गळाभेट होई, तेवढीच. कय्युम भाकर खायला बसला होता. कांद्यावर बुक्की मारायला हात उचललेला, तो वरच राहिला.

"उस्ताद?"

हात पुसून त्याने स्टूल पुढे केलं. गनी बसला नाही. पेटी टेबलावर ठेवली. बोलली ती रुक्माबाई. "याचे आकडे पाह्यजेत, बाबू."

कय्युमने एकदाच वाकून पाहिलं. "भोंग्याचा चारचा. दुसरा आठचा."

गनी स्टुलावर टेकला. आठचाच तर तो भोंग्याला लावायला निघाला होता.

"अंदाजानं नको सांगू," तो म्हणाला. "हिचं सारं पोट याच्यावर हाये."

"अंदाज नाही, उस्ताद."

"मंग? मी तं तुले कधी सांगतलं नाही."

"नाही सांगतलं." कय्युमने मान खाली घातली. "पन खरडाले चाकू तुमी मलेच देत होते. खरडाच्या आधी मी वाचून घेत होतो."

गनीला राग यायला पाहिजे होता. आला नाही. पोटातून हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसायची वेळ आली. "म्हंजे तीन वर्स मीच शिकवून राह्यलो होतो तुले," तो म्हणाला, "अन् मलेच माहीत नाही."

कंडेन्सर कय्युमच्या खणातले निघाले. डाग गनीने दिला. तार कय्युमने धरली. सांध्याला लाल दोऱ्याची गाठ मारली तीही कय्युमनेच, आणि ती हुबेहूब होती. मग गनीच्या दुकानातून भोंगा आणि स्पीकर आणवला, पेटी जोडली, रेकॉर्ड लावली. बाईचा आवाज शब्द न् शब्द मोकळा आला. स्टँडवर एसटीची वाट पाहणारे चार लोक वळून पाहू लागले.

"आता समजन काहून रडून राह्यली ते," रुक्माबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. तिच्या जिवात जीव आला होता.

झाकण लावायचं तेवढं राहिलं. गनीचा हात सवयीने बंडीच्या खिशात गेला आणि चाकू बाहेर आला. नव्या कंडेन्सरवर आकडे ठळक दिसत होते. कय्युमने हात पुढे केला, पूर्वी करायचा तसा.

गनीने त्या हाताकडे पाहिलं. मग चाकू त्याच्या तळव्यावर ठेवला.

"घे. कांदे चिर यानं," तो म्हणाला, आणि आकडे होते तसेच ठेवून झाकण लावलं.