बंद कुपीतली काजळी

माझा अद्वैत लहानपणी तापातून उठला, तेव्हापासून रोज सांजेला मी त्याच्यासाठी देवाजवळ दिवा लावते. कळमनुरीच्या आमच्या घरात वीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

दोन हजार तीनच्या दिवाळीला तो आला आणि दिव्यावरच्या ताटलीला धरलेली काजळी चाकूनं खरवडून घेऊन गेला. त्याच्या प्रयोगशाळेत शेकडो पातळ थरांचे आरसे आहेत. त्यांवरून मृदू, म्हणजे कमी ताकदीचे, क्ष-किरण वळवून तिथं काजळीसारख्या कार्बनच्या आतलं पाहतात.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. "काजळी कुपीत बंद आहे आई, आत हवासुद्धा न्हाई. तरी रोज एक थर वाढून राहिला. बराबर दिवेलागणीला."

"देवाची आहे ती. काहून छेडतोस?"

"एक दिवस दिवा लावू नको. मला झोप न्हाई."

त्याच्या जिवासाठी धरलेला नेम त्याच्याच शब्दाखातर मोडायचा होता. मी वात काढून पदराला बांधली, देवघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. सांज ओट्यावर जप करत काढली.

सकाळी पुन्हा फोन. "लावलासच ना दिवा? तुझ्याच्यानं राहवत न्हाई."

"न्हाई रे, तुझी शपथ."

तो हळूच म्हणाला, "थर तर वाढलाय."

मी जाऊन कुलूप काढलं. दिव्यात वात नव्हती. वरच्या ताटलीचा मात्र बोटाला चटका बसला. तिच्यावर ताजी काजळी धरली होती, आणि मधोमध कुणीतरी ती नखानं खरवडून नेली होती.