पुढची फांदी

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शर्वाणीने जवळच्या शहराचे पन्नास वर्षांचे नकाशे लावले. ती विद्यापीठात फ्रॅक्टल भूमितीवर संशोधन करत होती.

"झाडाच्या लहान फांदीतही अख्ख्या झाडाचाच आकार दिसतो ना? शहरही तसंच फुटत जातं," ती म्हणाली. "त्याची पुढची फांदी आपल्या ओढ्यावर येणार. दहा-बारा वर्षांत. आत्ताच ठराव करा, ओढा राखून ठेवा."

गाव तिच्या मामांचं. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिने इथेच काढलेल्या. लोक मन लावून ऐकत होते. मागून एकाने विचारलं, "ताई, नक्की इथंच येणार ना शहर?"

"गणित तरी तसंच सांगतंय."

टाळ्या पडल्या. ठराव मात्र पुढच्या सभेवर ढकलला गेला. निदान लोकांना पटलं तरी, असं समाधान मानून ती परतली.

दीड वर्षाने ती पुन्हा आली, तेव्हा ओढा मुरूम टाकून बुजवलेला होता आणि त्यावर प्लॉट पाडले होते. एक एजंट गिऱ्हाइकाला तिच्याच नकाशाची झेरॉक्स दाखवत होता.

मामा बांधावर उभे होते. तिने घाबरतच विचारलं, "मामा, तुम्ही तरी जमीन विकली नाही ना?"

"दोन्हीकडून भराव पडला, पोरी. पावसात सगळं पाणी माझ्याच वावरात तुंबलं. मी एकटा ते कुठं वळवणार होतो? गेल्या महिन्यात सही केली."

मग तिच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "तुझं गणित मात्र बरोबर निघालं हो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला सोसवेना.