वाचल्याशिवाय सही नाही

राजानंदला खुनाच्या खटल्यात जन्मठेप होऊन नऊ वर्षं झाली. केस पुन्हा उघडावी म्हणून त्याची बहीण पायल टेंभुर्णीत अर्जावर सह्या गोळा करत जगन्नाथ गुरुजींच्या ओट्यावर आली.

गुरुजींनी चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला. तिचाच पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका तेवढ्या सुधारल्या आणि कागद परत केला.

"पोरगं सरळ होतं, मला काय ठाव न्हाई का? पण सही म्हणजे जबाबदारी असती, बाई. वाचून पटल्याबिगर आपण कुठंच करत न्हाई."

पायलनं त्यांच्या बोटांतून पेन ओढून घेतला.


राजानंदच्या घरात कुऱ्हाड सापडल्याच्या पंचनाम्यावर गुरुजींनी पंच म्हणून सही केली होती, तेव्हाही पेन तिच्याच शाळेच्या दप्तरातला होता. कागद मात्र कोरा होता.