व्हरांड्यातली बाई

जूनमध्ये पारनेरजवळच्या वाडीवरच्या शाळेत बदलून आलेल्या औटी गुरुजींना पहिल्याच दिवशी व्हरांड्यात एक बाई बसलेली दिसली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींची मदतनीस असेल, असं धरून त्यांनी तिच्या हातात झाडू दिला. तू कोण, एवढं विचारायचीही तसदी घेतली नाही. पुढे चहा, कपबशा, पिण्याचं पाणी, सगळं तिच्याच अंगावर पडलं. ती मुकाट करत राहिली.

ऑगस्टमध्ये तालुक्याहून अधिकारी मॅडम आल्या. दिव्यांग मुलांच्या पालकांशी शाळेचं कसं जमतं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"कुठलं जमतंय, मॅडम!" गुरुजी उखडले. "आमच्या तिसरीत अमृत आहे, त्याला चालता येत नाही. तीन पालकसभा झाल्या, आईनं एकदा तरी तोंड दाखवावं? पोरगं शाळेत टाकलं की ह्या मोकळ्या. लाज कशी वाटत नाही या लोकांना!"

चहा घेऊन आलेल्या बाईनं ट्रे टेबलावर आदळला. चहा गुरुजींच्या कागदांवर सांडला.

"अमृतची आई मीच हाय. त्याला लघवीला उचलून न्यायला शाळेत मानूस न्हाई, म्हनून आधीच्या गुरुजींनी मला रोज हितं बसायला सांगितलंय."

गुरुजी चाचरले, "मग... मग सभेला का नाही आलात?"

 

"आल्ते की. तिन्ही बारीला तुमीच मला चहा ठेवायला पिटाळलं."