आठशे बारा भाग, ओळीने

मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर तात्यांनी अंतराळयानाची ती गाजलेली मालिका पहिल्यापासून, एकही भाग न गाळता पाहायला घेतली. आठशे बारा भाग, शिवाय मधले सिनेमे वेगळे. "रटाळ भाग सोडून दिले तरी चालतात," असं जावयाने सुचवलं, तेव्हा तात्या फिस्सकन हसले. "एकेकाच्या रक्तातच अर्धवटपणा असतो," असं त्यांनी बायकोला सांगितलं, तेही जावयाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

बायको एकदा हौसेने शेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं, "हा हिरव्या कानांचा माणूस कोण हो?"

"पहिल्यापासून पाहिलं असतंस, तर हा प्रश्न पडला नसता."

ती पुन्हा बसायला आली नाही. कधी दाराशी उभी राहून काही सांगू लागली, तर तात्या पडद्यावरची नजर न हलवता नुसता हात वर करायचे आणि ती मुकाट्याने मागे फिरायची. चहा-जेवण मात्र वेळच्या वेळी हाताशी यायचं.

दीड वर्षाने शेवटचा भाग संपला. तात्यांचा ऊर भरून आला. "अगं ए, संपलं एकदाचं! बोल आता, काय सांगायचं होतं तुला?" असं म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले.

ओट्याशी एक अनोळखी बाई भांडी विसळत होती.



"ताई लेकीकडे राहायला गेल्या, काका, कायमच्या. मला इथे लागून परवा दोन महिने झाले."