चौथा थेंब

कॅल्शियम तपासायच्या रसायनाचा तिसऱ्यांदा थेंब पडला आणि तिसऱ्यांदा परीक्षानळीतलं मिठाचं पाणी दुधाळ झालं. "कॅल्शियम जास्तच आहे. सलाईनला हे मीठ चालणार नाही," म्हणत प्रयोगशाळेच्या कीर्तने मॅडमनी नापासचा शिक्का उचलला.

नळ्या-बाटल्या धुणारी यसूबाई हातातलं काम टाकून पुढे आली. तिच्याच गावच्या मिठागरातलं हे मीठ, कारखान्यात इतकं शुद्ध करून पहिल्यांदाच औषधासाठी निघालेलं.

"मॅडम, नळ्या मी कॅनमधल्या शुद्ध पाण्यानंच धुतल्यात हो."

"मग झालं तर."

"पण ते पाणी चार दिवसांचं शिळं. म्हणून शेवटी नळाच्या ताज्या पाण्यातून काढते."

शिक्का हवेतच थांबला. नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतंच. मॅडम रागवायचंही विसरल्या. दोघींनी मिळून सगळ्या नळ्या-बाटल्या कॅनच्या पाण्यानं विसळल्या, त्याच मिठाचं नवं पाणी केलं. मॅडमनी नळी उजेडात नेली, यसूबाईनं पदर घट्ट धरला होता. थेंब पडला.

मिठागरात पांढरं साचलं की हरखायचं, ही यसूबाईची जन्माची सवय. आज मात्र नळीत काहीच पांढरं दिसेना, आणि तिला मॅडमना मिठी मारल्यावाचून राहवेना.