बिनआवाजाचं इंजिन

फाटक बंद होतं. चंद्रहासरावांनी गाडी अगदी फाटकाला टेकेपर्यंत आणली, तरी कुणी आलं नाही. गेल्या बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तळ्याच्या वळणावर त्यांच्या लाल स्पोर्ट्स कारचा गडगडाट ऐकू आला, की बंगल्याचं फाटक सताड उघडायचं. मुलगा संकेत ते धरून उभा असायचा आणि आत चहाचं आधण चढायचं. "माझं घर माझ्या गाडीला ओळखतं," असं ते पापडी गावात भेटेल त्याला सांगायचे.

आज गाडीने आवाजच केला नव्हता. पन्नास वर्षं जुन्या, दोनच माणसं बसतील अशा त्या गाडीत आता नवंकोरं टर्बो इंजिन होतं. जुनं इंजिन धूर ओकायचं, चढावर दम सोडायचं, आणि त्याचे सुटे भाग शोधून शोधून माणूस म्हातारा व्हायचा. गोखिवऱ्याच्या गॉडफ्रे मेकॅनिकने तीन आठवडे खपून नवं बसवलं. ताकद दुप्पट झाली.

"शेठ, आधीच सांगतो," गॉडफ्रे म्हणाला होता, "टर्बोनं आवाज दबतो. दारात येऊन उभे राहाल तरी कोनाला कळनार नाय."

घरी मात्र या बेताला सगळ्यांचा विरोध होता. सून उन्नती म्हणाली, "पप्पा, जुनंच राहू दे ना." आणि गाडीबद्दल कधी चकार शब्द न काढणाऱ्या सरोजिनीबाई म्हणाल्या, "तो आवाज कानात बसलाय. नसला तर चुकल्याचुकल्यासारखं होईल." चंद्रहासरावांना भरून आलं. बायकोला आपल्या गाडीचा एवढा लळा असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण इंजिन खरंच मरायला टेकलं होतं. म्हणून गाडी रंगाला दिली असं घरी सांगून त्यांनी काम गुपचूप उरकलं. तीन आठवडे संकेत त्यांना त्यांच्या कारखान्यातून स्कूटरवर घरी घेऊन यायचा. आज मात्र "उशीर होईल, माझा मी येईन" असं सांगून ते नव्या इंजिनासह वेळेआधीच हजर झाले होते. सगळ्यांना चकित करायचं होतं.

फाटक स्वतःच उघडून ते आत आले. हॉलच्या खिडकीतून खो खो हसणं ऐकू येत होतं. पाहुणे आले असावेत, असं वाटून त्यांनी डोकावून पाहिलं.

पाहुणे कुणी नव्हते. हॉलच्या मधोमध संकेत हात पाठीमागे बांधून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून उभा होता. "खोलीत माणूस एक आणि पंखे दोन?" तो हुबेहूब चंद्रहासरावांच्या घोगऱ्या आवाजात गरजला. "बिल काय तुझा मामा भरणार?" उन्नती सोफ्यावर लोळत होती. आणि गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणणाऱ्या, दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलणाऱ्या सरोजिनीबाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. हसून हसून डोळ्यांतून आलेलं पाणी त्या पदराने पुसत होत्या.

"ते चहा गार झाल्याचं कर," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा कर."

चंद्रहासराव खिडकीपासून मागे सरले. यांनी आपल्याला फसवलं. एक दिवस नाही, बावीस वर्षं. नंतर आलेली सूनही त्यात सामील झाली. फाटक धरून उभा राहणारा मुलगा खोटा होता. तो चहाही खोटा होता. बायकोला असं हसताना त्यांनी लग्न झाल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी बेल दाबली. आतलं हसणं एकदम थांबलं. दार उघडलं तेव्हा उन्नती टेबल पुसत होती, संकेतच्या नाकावर चष्मा नव्हता आणि सरोजिनीबाई गॅसपाशी उभ्या होत्या.

"गाडीचा आवाज आला नाही," त्या म्हणाल्या.

"इंजिन बदललं. आता ती आवाज करत नाही."

काय झालं ते चौघांनाही कळलं. संकेत खाली बघू लागला. कुणीतरी काहीतरी कबूल करेल, निदान माफी तरी मागेल, म्हणून चंद्रहासराव उभेच राहिले. सरोजिनीबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"मग वळणावर हॉर्न वाजवत जा," त्या म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता, खंतही नव्हती.

जुनं इंजिन परत बसवावं असं त्यांच्या मनात आलं, पण ते केव्हाच भंगारात गेलं होतं.

आता रोज साडेसातला तळ्याच्या वळणावर हॉर्न वाजतो. फाटक उघडतं, चहा चढतो. गाडी मात्र सातलाच तिथे येऊन उभी असते, आणि मधला अर्धा तास चंद्रहासराव स्वतःच्याच कुंपणाबाहेर उभे राहून बायकोचं हसणं ऐकत असतात.